तूट कुणाच्या ताटात?

कोठारात २८०० बुशेल धान्य आहे. गावात १०० माणसं, गावाभोवती १००० एकर जमीन. तुम्ही इथले राजे आहात. कारभारी समोर उभा आहे आणि त्याला तुमच्याकडून यंदाचे आकडे हवे आहेत: जमीन किती घ्यायची की विकायची, लोकांना खायला किती द्यायचं, किती एकर पेरायचं.

बुशेल हे पायली-कुडवासारखं धान्य भरून मोजायचं माप, साधारण ३५ लीटरचं. मापाच्या नावाशी अडू नका. आज या हिशेबाजवळ बसायचं आहे, सावकाश. कागद-पेन्सिल जवळ घ्या. एक आकडा लिहिला की पुढचा लिहिण्याआधी थोडं थांबा. वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर किंवा मानोऱ्याकडे तुमचं वावर असेल तर ते डोळ्यांसमोर राहू द्या. नसेल तर पाच एकर काळी जमीन मनात धरा. तिच्या चारी बाजूंचा धुरा मनानेच एकदा फिरून या.

हा हिशेब ज्या खेळातला आहे त्याचं नाव 'हमुराबी'. १९७३ साली डेव्हिड आल यांनी बेसिक या संगणकभाषेतल्या १०१ खेळांचं पुस्तक काढलं, त्यात तो छापून आला. १९७७ साली ॲपल टू, टीआरएस-८०, कमोडोर पेट असे घरात ठेवता येतील असे संगणक बाजारात आले आणि १९७८ साली त्यांच्यासाठी पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. पुस्तकाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. घेणारा तो प्रोग्राम ओळीमागून ओळ स्वतः टाइप करायचा आणि मग खेळायचा. पडद्यावर चित्र नाही, फक्त अक्षरं आणि आकडे. दहा वर्षांचं राज्य, आणि दर वर्षी तेच प्रश्न.

मुळात हा खेळ शाळेतला. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर भागात मेबल ॲडिस नावाच्या प्राथमिक शिक्षिका होत्या. १९६४च्या सुमारास त्यांनी आयबीएममधले प्रोग्रामर विल्यम मॅके यांच्यासोबत 'द सुमेरियन गेम' रचला. स्थळ आजच्या दक्षिण इराकमधलं लगाश नगर, काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३५००. सहावीतलं मूल टंकयंत्रासारख्या यंत्रापुढे बसे, यंत्र एका मोठ्या संगणकाला जोडलेलं असे, आणि कारभाऱ्याचा अहवाल कागदावर उमटत जाई. पुढे डग डायमेंट यांनी या खेळाविषयी ऐकलं आणि १९६८ साली त्याचा आटोपशीर अवतार लिहिला. आल यांनी तोच बेसिकमध्ये आणला. १९८९ साली 'सिमसिटी'नं नगर वसवण्याचा खेळ जगभर नेला, पण कोठार सांभाळत राज्य चालवायची कल्पना त्याच्या पंचवीस वर्षं आधी एका शिक्षिकेनं वर्गातल्या मुलांपुढे ठेवली होती. मला हे फार मोलाचं वाटतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलानं एक आकडा दाबावा आणि त्या आकड्यानं कुणाचं तरी पोट भरतं किंवा रिकामं राहतं, हे त्याला कळावं, अशी ती मांडणी होती.

आता पहिल्या वर्षाकडे या.

एका माणसाला वर्षाला २० बुशेल लागतात. १०० माणसं, म्हणजे २००० बुशेल. लिहा. एक बुशेल बियाण्यात दोन एकर पेरून होतात. १००० एकर, म्हणजे ५०० बुशेल. तेही लिहा. एक माणूस दहा एकर कसतो, म्हणजे शंभर माणसांत हजार एकर बरोबर कसले जातात. २८००मधून २५०० वजा करा. उरले ३००.

हे ३०० नीट पाहा. कुणाच्या पोटात गेले नाहीत, मातीतही गेले नाहीत. उद्याच्या भीतीपोटी राखलेलं एवढंच धान्य तुमच्यापाशी आहे. छापील प्रोग्राममध्ये उंदरांची धाड पडते ती नेमकी या राखून ठेवलेल्या धान्यावर. येतात तेव्हा कधी निम्मं खातात, कधी चौथाई. खाऊन टाकलेल्याला आणि पेरून टाकलेल्याला ते लागत नाहीत.

पीक किती येणार हे अजून कळलेलं नाही. एकरी एक बुशेल येईल किंवा पाच, मधलं काहीही येईल. यंत्र आकडा काढतं, पण तुमचे आकडे देऊन झाल्यावर. तुम्ही आधी बोलायचं, आभाळ नंतर बोलणार.

इथं थांबा. वावर डोळ्यांसमोर आहे ना? ७ जूनच्या आसपास मृग लागतो. एखादी सर पडते, मातीला वास सुटतो, शेजारच्या वावरात तिफण फिरायला लागते. कृषी खातं सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. सल्ला योग्य आहे. पण शेजाऱ्याचं पेरून झालेलं दिसत असताना हात आवरणं किती कठीण असतं, ते त्या धुऱ्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. लवकर पेरलं आणि पाऊस दडी मारून बसला तर दुबार पेरणी. 'हमुराबी'त दुबार पेरणी नाही. तिथं बी एकदा टाकलं की काही ना काही पिकतंच.

आता प्रश्नांच्या क्रमाकडे लक्ष द्या. खेळ आधी जमिनीचं विचारतो, मग लोकांना खायला किती देता ते, आणि शेवटी किती एकर पेरता ते. पोट आधी, बी नंतर. राजाला हा क्रम साजतो. शेतकऱ्याच्या घरात मात्र तो उलटा चालत आला आहे. ज्वारीची खुडणी झाली की खळ्यावरच टपोरी कणसं निवडून बाजूला काढायची, त्यांचं बी वेगळं राखायचं, आणि मग उरलेलं धान्य कणगीत भरायचं. बियाण्याच्या गाडग्याला वर्षभर कुणी हात लावायचा नाही. उन्हाळ्याच्या शेवटी कणगी तळाला गेली तरी नाही. म्हणजे तूट आली तर ती पोटानं सोसायची, हे पेरणीच्या आठ महिने आधीच ठरलेलं असे.

तूट. या बैठकीत हाच शब्द धरून ठेवायचा आहे. हातात असतं त्याहून लागतं जास्त, हे तर राजालाही चुकत नाही आणि कुणब्यालाही नाही. कमी पडलेलं कुणाच्या वाट्याला टाकायचं, हा खरा निर्णय. पाहू, खेळ तो कसा करायला लावतो.

समजा, पहिल्या वर्षी एकरी एकच बुशेल पिकलं. १००० आलं, राखलेले ३०० उंदरांपासून वाचले. कोठारात १३००. गावात नव्यानं आलेली माणसं तूर्त बाजूला ठेवू, शंभरच धरू. लागणार आहेत २५००. तूट १२०० बुशेलांची.

पहिली वाट: बी जपा. ५०० बियाण्याला ठेवलेत तर ८०० उरतात, त्यात ४० माणसं जगतात. साठ मरतात. एका वर्षात शंभरातली पंचेचाळीसहून जास्त माणसं उपाशी मेली की खेळ तुम्हाला तिथंच गादीवरून खाली खेचतो. दुसरी वाट: ११०० खायला द्या. पंचावन्न जगतात, पंचेचाळीस मरतात आणि गादी कशीबशी टिकते. पण बियाण्याला २०० उरले, म्हणजे चारशेच एकर पेरले जाणार आणि सहाशे एकर पडीक. पुढच्या वर्षाची उपासमार तुम्ही आत्ताच पेरून ठेवलीत.

घाईनं पुढं जाऊ नका. पंचेचाळीस हा आकडा कागदावर लिहा आणि त्याच्याकडे पाहत राहा. यंत्रानं तो कसा काढला? दिलेलं धान्य भागिले वीस. भागाकारात आले ते पूर्ण जेवले, बाकीचे संपले. अर्धपोटी राहणारं माणूसच त्या गणितात नाही. एखाद्याच्या वाट्याला एकोणीस बुशेल आले असं होतच नाही.

घरात असं गणित कुणी करत नाही. पाच माणसांत चौघांचं धान्य असेल तर चौघांना जेवू घालून पाचव्याला वाऱ्यावर सोडत नाहीत. सगळ्यांच्याच भाकरी लहान होतात. वरणात पाणी वाढतं. लेकराच्या पानात मात्र पहिल्याइतकंच पडावं असा प्रयत्न असतो आणि ज्या बाईनं रांधलं ती शेवटी बसते. तोवर टोपल्यात काय उरलं असेल ते तिचं. तूट वाटली जाते, पण सारखी वाटली जात नाही. ती कुणाच्या ताटात जास्त पडली, हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नसतं. तुमच्या घरात, किंवा तुमच्या आजीच्या घरात, हे कसं चालायचं ते आठवा. नाव घेऊन आठवा. शेवटी कोण जेवायचं?

मग तिसरी वाट दिसते, आणि हुशार खेळाडूला ती लगेच दिसते. जमीन विका. खेळात एकराचा भाव १७ ते २६ बुशेलांच्या दरम्यान कुठंही पडतो. यंदा २० निघाला असं धरा. साठ एकर विकले की १२०० बुशेल हाती येतात. तूट संपली, कुणी मेलं नाही. ९४० एकर उरले, त्यांना बी ४७०च लागेल, म्हणजे तीस बुशेल शिल्लकही पडले.

किती सुटसुटीत उत्तर. पण घेणारा कोण, हे खेळ सांगत नाही. तिथं दुष्काळाच्या सालीही कुणीतरी अदृश्य गिऱ्हाईक उभं असतं आणि भाव पिकापाण्याकडे न पाहता पडतो. आपल्याकडे वाईट साल सगळ्यांना एकदमच वाईट असतं. त्या साली विकणारे पुष्कळ आणि घेणारे मोजके, म्हणून भाव घेणारा ठरवतो. विकलेला एकर परत येणं तर फारच अवघड. साठ एकर हा आकडा तुम्ही ज्या सहजपणे लिहिलात, त्या सहजपणे आता तुमच्या पाच एकरांतला अर्धा एकर लिहून पाहा. कुठल्या बाजूचा? विहिरीकडचा की रस्त्याकडचा? पेन्सिल इथं अडखळत असेल तर अडखळू द्या.

आणखी एका जागी खेळ आणि वाशीम वेगळे होतात. 'हमुराबी'त जे खातात तेच पेरतात. ज्वारीच्या काळात वऱ्हाडातही तसंच होतं: भाकरी तिची, बी तिचं, गुरांना कडबाही तिचाच. गेल्या तीस-चाळीस वर्षांत सोयाबीननं ती जागा घेतली. आज वाशीम, रिसोड, मालेगाव, कारंजा, कुठल्याही तालुक्यात खरिपात जा, नजर जाईल तिथवर सोयाबीन आणि मधून तुरीची तासं. सोयाबीन भाकरीला चालत नाही. ते तेलाच्या कारखान्याकडे जातं आणि त्याच्या पैशातून घरात गहू, ज्वारी, तांदूळ येतात. त्यामुळे बी आणि पोट यांच्या मध्ये भाव येऊन बसला आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांपर्यंत चढलं आणि नवा माल बाजारात येईपर्यंत घसरलंही. २०२४-२५ला हमीभाव ४८९२ रुपये होता, आणि त्या हंगामात बाजार समित्यांमध्ये पुष्कळांना त्याहून कमीच मिळाले. पोत्यात हात घालून व्यापारी ओलावा पाहतो, मॉइश्चर जास्त आहे म्हणतो, भाव आणखी उतरतो. पीक भरघोस आलं तरी घरात तूट राहू शकते. लगाशच्या कारभाऱ्याला हे समजावून सांगायला बराच वेळ लागला असता.

पुन्हा बियाण्याकडे या. या बैठकीतला हाच एक भाग हातांनी करायचा आहे. सोयाबीनचं घरचं बी असेल तर त्यातले सरसकट, न निवडता, शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगा करा, वर दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करा आणि सावलीत ठेवून ओलावा टिकवा. पाच-सहा दिवसांनी उलगडून मोजा. सत्तर किंवा जास्त दाण्यांना चांगला कोंब असेल तर एकरी ३० किलो हे नेहमीचं प्रमाण चालतं. कमी असतील तर बी वाढवायचं. फारच कमी असतील तर ते बी पेरायचं नाही. २०२०च्या खरिपात बी उगवलंच नाही अशा तक्रारी राज्यभरातून मोठ्या संख्येनं आल्या. त्यानंतर ही चाचणी घरोघरी करा, असं सांगणं वाढलं. मला ती फार आवडते, कारण आभाळानं बोलण्याआधी शेतकऱ्याला एक खरा आकडा तीच देते. 'हमुराबी'च्या राजाला तेवढीही सोय नाही. शंभर दाणे मोजताना घाई करू नका. शंभर हीच गावातल्या माणसांचीही संख्या होती.

आता राजाकडे वळू. वाशीमला राजा परका नाही. हे जुनं वत्सगुल्म, वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कितीतरी लेणी घडली. त्याच्या आधीच्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीमलाच १९३९ साली सापडला. नांदेडकडच्या भागातलं एक गाव त्यानं दान दिलं, आणि त्या गावाला कोणकोणत्या देण्यांतून सूट आहे याची यादी पत्र्यावर कोरून दिली. ओझं कुणाच्या खांद्यावरून उतरवायचं, हे राजा लिहून देऊ शकतो, एवढंच त्या यादीतून घ्या.

खेळाला ज्याचं नाव दिलं तो हम्मुराबीही हेच करत होता. तो लगाशसारख्या सुमेरी नगरातला नव्हेच. लगाशच्या त्या काळानंतर कितीतरी शतकांनी, इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात, तो बाबिलोनचा राजा होता. त्याच्या कायद्यातलं ४८वं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्यावरून पुढे गेलो नाही. आशय असा: शेतकऱ्यावर कर्ज आहे आणि वादळानं पीक झोपलं, किंवा पाण्याअभावी आलंच नाही, तर त्या वर्षी त्यानं सावकाराला धान्य द्यायचं नाही. कर्जाची मातीची पाटी ओली करून बदलायची आणि त्या वर्षाचं व्याजही द्यायचं नाही.

हम्मुराबीच्या नावानं निघालेल्या खेळात नेमकं हेच कलम नाही. तिथं तूट पोटावर टाका, बियाण्यावर टाका नाहीतर जमिनीवर टाका, एवढ्याच जागा आहेत. कर्ज देणाऱ्यानंही तुटीतला वाटा उचलायचा, ही चौथी जागा पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या कायद्यात होती.

पाचवी जागा महाराष्ट्रानं काढली. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसं कामावर आली. खडी फोडली, नाला बांध घातले, रस्ते केले. तेव्हा खाल्लेल्या मिलो ज्वारीची आणि सुकडीची आठवण अजून घराघरांत निघते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी त्या काळात राज्यभर पसरली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागेल त्याला काम देणं हे राज्याचं कर्तव्य, असं कायद्यात लिहिलं गेलं आणि तुटीतला वाटा सरकारी तिजोरीवर आला. १९७२च्या त्या दुष्काळात मुख्यमंत्री होते शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. त्यांचा जन्मदिवस १ जुलै, आपण तो कृषी दिन म्हणून पाळतो. १९९८ साली वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तो दिवसही १ जुलैच. पेरणी एक तर झालेली असते किंवा खोळंबलेली असते, असे ते दिवस.

हे सगळं मनात ठेवून पुन्हा कोठारापाशी या. १३०० बुशेल, शंभर माणसं, तूट १२००. मघाशी तुम्ही एकट्यानं ठरवलं होतं. खेळात राजा एकटाच असतो. कारभारी येतो, कोण मेलं, कोण आलं ते सांगतो आणि आकडे घेऊन जातो. शंभरांतला एकही माणूस तुमच्यासमोर येऊन बोलत नाही. शिवाय राजाचं स्वतःचं पोट त्या २० बुशेलांच्या हिशेबात आहे की नाही, हे प्रोग्राममध्ये कुठंच कळत नाही. वावरात ठरवणारा आणि उपाशी राहणारा एकाच ताटावर बसतात. म्हणून त्याचे आकडे लवकर ठरत नाहीत, आणि म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला तो वेळ दवडतोय असं वाटतं.

दुसरं वर्ष एकट्यानं खेळू नका. घरातल्यांना बोलवा. खेळातले नकोत, खरे आकडे घ्या: यंदा हाती आलेले पैसे, पीककर्जाचा हप्ता, बियाणं, खत, किराणा, दवाखाना, मुलीच्या कॉलेजची फी. जे कमी पडतंय ते मोठ्यानं वाचा. मग ज्या बाई शेवटी जेवतात त्यांना आधी बोलू द्या. "बी बाजूले काढलं ना?" हे त्या पहिल्यांदा विचारतील, कारण इतकी वर्षं तेच विचारत आल्या आहेत. हो म्हणा, आणि त्यांच्या ताटाची ओळ बियाण्याच्या ओळीच्या वर लिहा. मुलीलाही विचारा, फीची ओळ कितव्या जागी ठेवायची. ती खाली ढकलायला तयार झाली तर लगेच मान्य करू नका, कारण अर्धा एकर विकण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही, सोसायटीत हप्त्याची मुदत मागायला अजून कुणी गेलेलं नाही, आणि तुरीला अजून दोन महिने आहेत.